मन्मथआप्पांचं गरम पाणी

मन्मथआप्पा कुठल्याही घरी गेले की आधी बसायचे नाहीत. पाण्याचा तांब्या पुढे आला तर उभ्यानेच दोन घोट घ्यायचे आणि "गच्चीवर कुठून जायचं?" असं विचारून जिना चढायला लागायचे. घरमालकाला वाटायचं, टाकी बघायला चाललेत. आप्पा बघायचे दोरीवर वाळत घातलेले टॉवेल. खाली आले की सोफ्यावर ऐसपैस बसून अगदी गोडीत विचारायचे, "आंघोळीला मानसं किती घरात?"

लोक सर्रास खोटं बोलायचे. माणसं कमी सांगितली की पाणी तापवायच्या लहान मशीनवर भागतं, असा हिशेब असायचा. कुणी चार सांगितली की आप्पा मान हलवायचे आणि घरातल्या सगळ्या बायामाणसांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे, "चार जन, अन् दोरीवर नऊ टॉवेल! कामून हो? एकेक जन दोनदा पुसतो, का पावन्यांचे चोरून आनलेत?" समोरच्याचा चेहरा पडला की आप्पांना मनापासून बरं वाटायचं. मग ते मोठी मशीन लिहायचे, आणि ती बरोबरच असायची.

लातूरला गंजगोलाईच्या अलीकडे त्यांचं दुकान होतं. हीट पंप विकायचे आणि स्वतः उभं राहून बसवायचे. मी तिथे तक्रारींचे फोन घ्यायचे. तक्रारी फार नसायच्या, कारण लातूर-नांदेड पट्ट्यात त्यांच्याइतकी चोख मशीन कुणी बसवत नव्हतं, हे त्यांचे वैरीही मान्य करायचे. जे फोन यायचे ते बहुतेक आप्पा काय बोलले याबद्दलचे असायचे. शब्दाने माणसाचं सालटं काढणं म्हणजे काय, ते मी त्या दुकानात शिकले.

हीट पंप कसा चालतो हे मात्र त्यांनीच सांगावं. अंगठाबहाद्दर म्हातारी असो की इंजिनिअर, सांगणं एकच. "ही मशीन ऊब तयार करत न्हाई. हमाल हाय ती. अडतीवरचा हमाल पोतं इथून उचलतो अन् तिथं टाकतो, तशी ही हवेतली ऊब उचलती अन् पान्यात टाकती. गिझर सोता जळतो तवा पानी तापतंय, त्याला वीज लई लागती. हमालाला नुसतं चहापानी लागतंय."

यावर कुणीतरी हमखास विचारायचं, की थंडीत हवेत कसली आलीय ऊब?

"तुमच्या बोटाला लागंना मनून न्हाई व्हय? नळीतला वायू हिवाळ्याच्या हवेपक्षा बी गार असतोय. त्याला ती हवा बी ऊनच लागती. ती ऊब त्यानं पिली की मशीन त्याला दाबती. सायकलच्या पंपाचं बूड दाबून दाबून कसं तापतंय? तसा तो तापतो, अन् टाकीतलं पानी तापवतो."

एवढं सांगून झालं की बोट वर करून शेवटचं वाक्य. "जिथलं पोतं उचललं ती जागा रिकामी होती. मनून मशीनच्या तोंडातून गार हवा निघती. ती गार हवा कुठं सोडायची हे ज्याला कळलं, त्याला मशीन बसवायची कळली. बाकी समदे नुसते नळाचे पान्हे फिरवनारे हायत."

आणि ते तसंच बसवायचे. चारही बाजूंनी मोकळी जागा, वर पत्रा नाही, समोर भिंत नाही. टाकी न्हाणीघराच्या जवळ, नळी आखूड आणि गुंडाळलेली, नाहीतर तापलेलं पाणी वाटेतच निवतं. मशीनखाली रबराचे तुकडे, गळणाऱ्या पाण्याला वेगळी वाट, आणि आमच्याकडच्या बोअरच्या खारट पाण्याने नळ्या चोंदू नयेत म्हणून आधी क्षार धरणारी गाळणी. यातलं एक जरी कुणी चुकवलं तर आप्पा आपल्या माणसांसमोर हातोडा घेऊन ते फोडायचे आणि त्याच्याकडूनच पुन्हा करून घ्यायचे.

चाकूरचे एक निवृत्त हेडमास्तर होते. थंडी सुरू झाली आणि त्यांचा फोन आला, पाणी कोमटच येतंय. आप्पा गेले. बघतात तर गच्चीवरच्या मशीनला गोधडी गुंडाळलेली, वरून सुतळी बांधलेली. इतक्या थंडीत उघड्यावर बिचारी गारठेल, अशी गुरुजींच्या बायकोची समजूत. आमच्याकडे गाईलाही गोणपाट घालतात, तसंच हे. तिने ती गोधडी खास मशीनच्या मापाने शिवली होती. दुसऱ्या कुणी हसून सोडली असती. आप्पांनी गोधडी सोडली, गुरुजींना खुर्चीवर बसवलं आणि सुनेसमोर, नातवंडांसमोर ती त्यांच्या डोक्यावरून नाकातोंडाखाली घट्ट ओढली. म्हणाले, "आता घ्या श्वास. अन् घेता घेता एकोनतीसचा पाढा मना." गुरुजी आतून "अहो, अहो" करत राहिले. मशीन श्वास घेते हे त्या घराला पुन्हा सांगावं लागलं नाही, हे खरं. गुरुजी त्यानंतर रस्त्यात आमचं दुकान दिसलं तरी पलीकडच्या बाजूने जायचे, हेही खरं.

बिलोलीची गोष्ट तर माझ्यासमोरची. एका व्यापाऱ्याच्या घरी मुलाचं लग्न होतं, आम्हा सगळ्यांना आमंत्रण. मंडपवाल्याने गच्ची सजवताना, मशीन दिसायला वाईट म्हणून तिच्या चहूबाजूंनी झालरीचं कापड तंबूसारखं लावून टाकलं होतं. आप्पांनी ते गेल्या गेल्या पाहिलं आणि खाली येऊन पंगतीला बसले. तेवढ्यात हळदीच्या न्हाणाला पाणी गार आल्याची बोंब झाली. व्यापारी हात जोडून पानासमोर उभा राहिला. आप्पा शांतपणे भातात वरण कालवत म्हणाले, "गार पान्यानं न्हाऊ घाला की नवरदेवाला. संसार कसा असतोय ते आजच कळंल." नवरदेव कुडकुडत न्हाला. परतीच्या जीपमध्ये आप्पा म्हणाले, "मशीनचा अपमान केला त्यानं." कापड ओढून काढायला एक माणूस आणि एक मिनिट पुरलं असतं. मला त्या दिवशी त्यांची शिसारी आली.

आप्पांच्या घरी बायको होती, आम्ही तिला काकू म्हणायचो, आणि एकुलती एक मुलगी, शिवकांता. काकूंनी जन्मभर 'बरं' या एका शब्दावर संसार केला. शिवकांता मात्र बापाला तोंडावर बोलायची, आणि आप्पांना त्याचं कौतुक होतं. दुकानात आली की ते गल्ल्यावरून उठून तिला खुर्ची द्यायचे. दुसऱ्या कुणासाठी ते उठल्याचं मला आठवत नाही. नांदेडला चांगलं स्थळ पाहून तिला दिली, आणि पहिल्या बाळंतपणाला ती रीतीप्रमाणे माहेरी आली.

त्याच हिवाळ्यात एका बिल्डरची मोठी वसाहत होत होती. प्रत्येक घराला हीट पंप लावायचा, पण त्याला शंका, की थंडीत सकाळी पाणी तापतं का? खरी गोष्ट अशी, की मशीन थंडीतही चालते, जरा सावकाश चालते. आप्पांना 'जरा सावकाश' सोसवेना. बिल्डरला दाखवायला त्यांनी स्वतःच्या घरची गच्चीवरची मशीन उतरवली आणि घराच्या बाजूच्या बोळीत बसवली.

बोळी म्हणजे दोन घरांमधली चिंचोळी जागा, वर पत्रा टाकलेला. तिथे दोन खिडक्या उघडायच्या, एक स्वयंपाकघराची आणि एक बाळंतिणीच्या खोलीची. आमच्याकडे बाळंतिणीची खोली म्हणजे बाजेखाली निखाऱ्याची शेगडी, ओव्याची धुरी, शेक. डॉक्टर नको म्हणतात, पण घरोघर चालतंच. त्या शेगडीची ऊब खिडकीतून बोळीत यायची आणि मशीन ती ओढून घ्यायची. पाणी असं भरभर तापायचं की आप्पा स्वतःवरच खूश. आमच्या फिटरने एकदा चाचरत विचारलं, "आप्पा, बंद जागंत?" तर म्हणाले, "शेगडीची ऊब नुसती वाया चाललीय. ती वापरली तर कुनाच्या बापाचं काय गेलं? अन् पानी तरी कुनासाठी तापवायलोय? लेकीच्याच न्हानाला न्हवं?"

लोकां सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच. जगाला बोट वर करून विचारणारा माणूस, गार हवा कुठे सोडली म्हणून. त्याच्याच घरी ती हवा बोळीत कोंडून पुन्हा त्याच खिडकीने आत, ओल्या बाळंतिणीच्या अंगावर येत होती. आणि खिडकी लावायची नाही, असा त्यांचा हुकूम होता.

बिल्डर आला त्या सकाळी मी तिथे होते. लेकराला झबलं-टोपडं घेऊन गेले होते. बिल्डर आणि त्याचा इंजिनिअर बोळीत उभे, आप्पा त्यांना हमालाचं पुराण सांगतायत, एवढ्यात शिवकांताने खिडकीतून हाक मारली. तिच्या डोक्याला टापशी बांधलेली होती आणि चेहरा पांढराफटक पडला होता.

"आप्पा, लई गार येऊन राहिलंय हो. लेकराचे पाय बर्फावानी पडायलेत. तेवढी मशीन हलवा नं वर."

गिऱ्हाइकासमोर, आणि तेही मशीनबद्दल. आप्पांचा चेहरा बदलला. "हलवायला ती काय पाळना हाय? गार लागती तर लाव खिडकी. जगातली पहिलीच बाळंतीन जशी!"

बिल्डर हसला. आप्पाही हसले. शिवकांता एक क्षण बघत राहिली आणि आत वळली. काकू "बरं" म्हणून लगबगीने आत गेल्या. त्यांनी खिडकी लावली, फटीत चिंध्या कोंबल्या, दुसरी शेगडी पेटवून आत ठेवली, आणि दार ओढून घेऊन खालच्या फटीत जुनं लुगडं दाबून बसवलं. लेकीला ऊब मिळावी म्हणून त्या माउलीने काही म्हणून बाकी ठेवलं नाही.

मी काकूंबरोबर स्वयंपाकघरात चहाला बसले. पलीकडे न्हाणीघरात नळ सोडल्याचा आणि आप्पांच्या बोलण्याचा आवाज येत होता. थोड्या वेळाने इमामबी आली. ती गल्लीतलीच. घरोघरच्या बाळंतिणी आणि लेकरं तिच्या हाताखालून गेलेली. तेलाची वाटी घेऊन तिने दार ढकललं, ते हललं नाही. हाक मारली. आतून कुणी ओ दिली नाही. लेकरू रडत नव्हतं.

इमामबीने खाली वाकून ते लुगडं पाहिलं आणि किंचाळली, "अगे माय! कोयला कोंडला भीतर! काकू, दोगीबी जातेत की!"

तिने खांदा घालून दार उघडलं, पहिलं लेकरू उचललं आणि माझ्या हातात कोंबलं, मग शिवकांताला काखेत धरून फरफटत अंगणात आणलं. शिवकांताची मान लुळी पडली होती. इमामबी तिच्या गालावर थपडा मारत होती. कोंडलेल्या निखाऱ्याचा वायू दिसत नाही, त्याला वास नाही, माणूस झोपल्यासारखं जातं. लेकरू माझ्या हातात आधी एकदा आचकलं आणि मग रडायला लागलं. तो आवाज ऐकून शिवकांताने डोळे उघडले आणि ती भडाभडा ओकली.

आप्पा धावत आले. त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत ओला होता. त्यांनी लेकराकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं. दोघं जिवंत आहेत हे पाहिलं. कुणीतरी रिक्षा आणली. आम्ही शिवकांताला उचलून रिक्षात बसवत होतो, तिचं डोकं इमामबीच्या खांद्यावर होतं, आणि तेवढ्यात मागून बिल्डर आला. आप्पा त्याच्याकडे वळून म्हणाले, "जरा गडबड झाली हो. तुमी पान्याला हात लावून बघितला न्हवं?"

शिवकांताने मान वळवून बापाकडे पाहिलं. रिक्षा निघाली.

दवाखान्यात दोघी बऱ्या झाल्या. मुलगी होती. शिवकांता दवाखान्यातूनच नांदेडला गेली, घराकडे फिरकली नाही. बारसं तिकडेच झालं. काकूंना निरोप आला, आप्पांना आला नाही. पुढे काकू वर्षातून एकदोनदा जाऊन यायच्या. शिवकांता माहेरी आली नाही, सणाला नाही, कुणाच्या लग्नाला नाही.

वसाहतीचं काम आप्पांनाच मिळालं. एकूण एक मशीन गच्चीवर, मोकळ्या हवेत, भिंतीपासून लांब. बघत राहावं असं काम. घरची मशीनही त्यांनी गुपचूप वर नेली. लोकांना वाटतं, असं काही घडलं की माणूस मऊ पडतो. आप्पांचं तसं काही झालं नाही. टॉवेल मोजणं चालू, सालटं काढणं चालू. उलट गिऱ्हाइकाने बंद जागा दाखवली की आता ते म्हणायचे, "इथं मशीन ठिवून लेकरं मारायचीत का तुमाला?" हे म्हणताना त्यांची पापणीही लवायची नाही. मला वाटायचं, उठावं आणि एक ठेवून द्यावी.

काही वर्षं गेली. माझ्या यजमानांची नांदेडला बदली झाली होती आणि मी दुकान सोडायच्या बेतात होते, तेव्हा एक दिवस फोन वाजला. आवाज मी लगेच ओळखला.

"ताई, नवीन घर बांधलंय. हीट पंप बसवायचाय. आंघोळीला पाच मानसं. जागा गच्चीवर हाय, मोकळी."

मी विचारलं, "शिवकांता, कुणाला पाठवू?"

"आप्पांनाच. त्यांच्याइतकं चांगलं कुनी बसवत न्हाई. घरात लेकरू हाय ताई, मशीनीच्या बाबतीत मला दुसऱ्यावर भरवसा न्हाई."

मी आप्पांना सांगितलं. त्यांनी गल्ल्याचा खण लावला. मग म्हणाले, "बोलावलं तिनं. बापच लागतो शेवटी." दुसऱ्या दिवशी सकाळी पांढरंशुभ्र धोतर, कपाळाला विभूती, खिशात सराफाच्या डबीत नातीसाठी चांदीच्या तोरड्या. मला म्हणाले, "तुमाला बी नांदेडलाच जायचंय, चला जीपमधी." वाटभर ते बोलत होते. नात आता शाळेत जात असेल, तिला कोणती वर्गशिक्षिका असेल, लातूरला सुटीत आणायचं तर उन्हाळ्यात आणावं की दिवाळीत. इतकं साधं बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

दार शिवकांतानेच उघडलं. मला हसून "या ताई" म्हणाली. मग त्यांच्याकडे पाहून, कुठल्याही फिटरला सांगावं तसं म्हणाली, "गच्चीला बाहेरून जिना हाय. चपला खालीच काढा."

आप्पा उंबऱ्याशी उचललेला पाय खाली घेऊन बाहेरच्या जिन्याकडे वळले. त्या दिवशी त्यांनी बरोबर आलेल्या फिटरला हात लावू दिला नाही. धोतर खोचून स्वतः चौथरा पारखला, मशीन चढवली, प्रत्येक सांध्यावर बोट फिरवलं. गार हवा मोकळ्या मैदानाकडे जाईल असं तिचं तोंड केलं आणि खात्रीसाठी बराच वेळ तिच्यासमोर हात धरून उभे राहिले. पाणी तापेपर्यंत तिथेच कठड्याच्या सावलीत बसून राहिले. खालून चहा आला, तो आम्हा सगळ्यांना आला, त्यांनाही आला.

दुपारी शिवकांता वर आली. बरोबर मुलगी होती, दोन वेण्या घातलेली. शिवकांताने नळ सोडून पाण्याखाली हात धरला आणि मान डोलावली.

मुलगी आप्पांकडे टक लावून बघत होती. "आई, हे कोन?"

"मशीन बसवनारे काका हायत. मोठे हायत, पाया पड."

मुलगी वाकून पाया पडली. आप्पांचा एक हात तिच्या डोक्यावर गेला आणि दुसरा खिशात. खिशातला हात तिथेच राहिला. ते शिवकांताकडे बघत होते.

शिवकांता माझ्याकडे वळली. "ताई, काम एकदम चांगलं झालंय. फक्त पुढच्या सर्व्हिसला दुसरा मानूस पाठवायला सांगा." आणि मुलीला घेऊन खाली गेली.

आप्पा खाली बसून पान्हे पिशवीत भरायला लागले. ती जिन्याच्या तिसऱ्या-चौथ्या पायरीवर असेल तेव्हा त्यांनी मान न उचलताच, गिऱ्हाइकाला देतात तसं तिला उत्तर दिलं, "पाठवतो, ताई."

मला माझ्या नव्या घरी जायचं होतं. फाटकातून बाहेर पडताना वळून पाहिलं, तर आप्पा जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून चपला पायात चढवत होते. चपला घालून झाल्या तरी उठले नाहीत. आत न्हाणीघरात नळ चालू झाला आणि मुलीच्या खिदळण्याचा आवाज बाहेरपर्यंत आला. आप्पा बंद दाराकडे तोंड करून ऐकत होते. मला त्यांची दया यायला हवी होती. मी रिक्षाला हात केला, आणि आत बसल्यावर माझ्या ध्यानात आलं की मला फार बरं वाटतंय.